बुलगोगी भाजली न जाता उकडतेय? पाणी कुठून येतंय ते असं शोधा

दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये येऊन मला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात ओळखीतल्या मराठी घरांमध्ये मी बुलगोगीचा, म्हणजे सोया सॉस-साखरेत मुरवून भाजायच्या बीफच्या पातळ कापांचा, एकच बिघाड पुन्हापुन्हा दुरुस्त केला आहे. फोन येतो आणि पलीकडून ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "ताई, हॉटेलात खातो तशी होतच नाही. पॅनमध्ये नुसता रस्सा झालाय." मी मूळची वसईची. आमच्या घरी बीफ म्हणजे बॉटल मसाल्यात तास-दीड तास शिजणारं. त्यामुळे पहिलं वर्षभर मीसुद्धा बुलगोगी शिजवतच होते, भाजत नव्हते. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजींनी, म्हणजे इथल्या भाषेत हालमोनींनी, माझ्या शेगडीपाशी उभं राहून चूक दाखवली. तेव्हापासून जे जे तपासत आले ते क्रमाने लिहिते आहे. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी आपण हात लावू नयेत अशा.

लक्षणं

नेहमीचा बिघाड असा दिसतो. मांस पॅनमध्ये पडतं, चार-पाच सेकंद चर्र आवाज येतो, मग तो बसतो आणि बुडबुड सुरू होते. दोन मिनिटांत तळाशी करडं, फेसाळ पाणी साचतं. मांसाचा रंग खरपूस तपकिरी न होता करडा होतो. पाणी आटेपर्यंत थांबलात तर तोवर मांस चामट होतं, आणि आटल्या क्षणी साखर तळाला लागून काळी पडते. म्हणजे एकाच घाण्यात आधी उकडलेलं आणि मग करपलेलं.

याच्या जवळची तीन लक्षणं आहेत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत :

- पाणी नाही, पण बाहेरून काळं आणि मधे लालसर : साखर जास्त, किंवा काप जाड.
- मांस तोंडात पिठूळ लागतं, जेवायच्या काड्यांनी उचलताना तुटतं : फळाच्या रसात जास्त वेळ मुरलं.
- कोळशाच्या जाळीला चिकटून फाटतं : जाळी थंड होती, किंवा मांसावर ओल फार होती.

तुमचं लक्षण कुठलं ते आधी ठरवा. पिठूळ झालेल्या मांसावर आच वाढवून काही उपयोग नसतो.

सगळ्यात आधी : हा खरंच बिघाड आहे का?

हे विचारते, कारण तीनेकदा मी कुणाच्या घरी धावत गेले आणि तिथे बिघडलेलं काहीच नव्हतं. बुल म्हणजे आग, गोगी म्हणजे मांस; पण या एका नावाखाली निरनिराळे पदार्थ येतात. सोलच्या पद्धतीची बुलगोगी मधे फुगीर आणि कडेला पन्हाळ असलेल्या पॅनवर करतात. पन्हाळीत गोडसर पाणी ओततात, त्यात मांसाचा रस उतरतो आणि रताळ्याच्या पिठाच्या काचेसारख्या शेवया, मशरूम आणि पातीचा कांदा त्यातच शिजतो. शेवटी त्या रसात भात कालवायचा. तुम्ही हॉटेलात हीच खाल्ली असेल तर पॅनमधला रस्सा हा बिघाड नव्हेच. उलट तिथे पाणी कमी पडलं तर वरून घालतात.

दक्षिणेकडच्या ग्वांगयांगची आणि उल्सानजवळच्या ओनयांगची बुलगोगी मात्र कोळशावरच्या जाळीवर कोरडी भाजतात. ग्वांगयांगमध्ये तर पातळ कापांना मसाला भाजायच्या अगदी आधी चोळतात, तासन्‌तास मुरवत ठेवत नाहीत. मुरवण्याची वेळ जितकी वाढवू तितकी चव चांगली, अशी समजूत घेऊन बसलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. तुम्हाला कडा खरपूस झालेली, कोरडी बुलगोगी हवी असेल तरच पुढचं वाचा.

खरपूस का होत नाही

पाणी १०० अंशांना उकळतं, आणि मांसाच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तो पृष्ठभाग फारसा त्याच्या वर तापत नाही. मांसाला तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणून पुढची प्रत्येक तपासणी या एकाच प्रश्नाची आहे : ओल कुठून येतेय, आणि ती उडवायला आच पुरतेय का? आचेकडे सगळ्यांचं लक्ष आधी जातं. मी ज्या घरांत गेले तिथे शेगडीचा दोष क्वचितच निघाला. ओलीचा जवळजवळ दर वेळी.

पहिली तपासणी : मांस निथळलं होतं का?

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. डब्यातलं मांस रसासकट पॅनमध्ये उपडं केलंत तर ते उकडणारच. मार्टमध्ये तयार मुरवलेलं मांस मिळतं त्यात तर पाव डबा पातळ रस असतो. मासे-तांदूळ धुवायची रोळी किंवा चाळणी भांड्यावर ठेवून त्यात मांस दहा मिनिटं निथळत ठेवा. मग काप हाताने अलगद सुटे करा. चव जाईल ही भीती नको, जी आत जायची ती गेलेली असते.

निथळलेला रस फेकू नका, पण कच्च्या मांसाचा आहे हे विसरूही नका. भाजून झालेल्या मांसावर तो तसाच ओतायचा नाही. छोट्या पातेल्यात खळखळून उकळा, दोन-तीन मिनिटांत दाटसर होतो. मग शेवटच्या अर्ध्या मिनिटात मांसावर चमचाभर फिरवा. तसंच कच्चं मांस उचलायचा चिमटा वेगळा आणि वाढायचा वेगळा.

दुसरी : एका वेळी किती टाकलं?

२८ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये एका वेळी १५० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. काप एकावर एक न चढता, पॅनचा तळ मधेमधे दिसेल असे. इथे मांस अजूनही "गन" या जुन्या मापात मागतात. एक गन म्हणजे ६०० ग्रॅम, आणि ते सगळं एकदम टाकायचा मोह होतो. थंड मांस पडताच पॅनची उष्णता खाली येते, सुटलेल्या पाण्याला उडायला जागा मिळत नाही आणि कापांचा ढीग आपल्याच वाफेत शिजतो. चार घाणे काढा. प्रत्येक घाण्याला दीड-दोन मिनिटं लागतात, त्यामुळे एकूण वेळ वाढत नाही. उलट पाणी आटायची वाट बघण्यात घालवलेला वेळ वाचतो.

तिसरी : पॅन आधी तापला होता का, आणि ढवळलं का?

आपल्याला परतायची सवय आहे. भाजी परततो तसं मांस सतत हलवलं की एकही बाजू पॅनला टिकून राहत नाही. काप टाका, ४० सेकंद हात लावू नका, कडा तपकिरी दिसल्या की उलटा, आणखी अर्धा मिनिट, संपलं.

पॅन रिकामा तापवायचा तो लोखंडी, बिडाचा किंवा स्टीलचा. पाण्याचा थेंब टाकला की तो जागेवर न फसफसता गोळी होऊन पळाला पाहिजे. नॉनस्टिक पॅन मात्र रिकामा रखरखीत तापवू नका. साधारण २६० अंशांच्या पुढे तो लेप खराब व्हायला लागतो आणि निघणारा धूर आरोग्याला चांगला नाही. त्यात थोडं तेल घालून मध्यम-मोठ्या आचेवर मिनिटभर तापवा.

चौथी : भाज्या बरोबरच टाकल्या का?

कांदा, मशरूम, गाजर हे सगळं पाणी सोडतं, मशरूम तर फारच. भाज्या आधी वेगळ्या परतून काढा, त्याच पॅनमध्ये मग मांस भाजा आणि शेवटी दोन्ही एकत्र करा. डब्यात मांसाबरोबर मुरायला ठेवलेला चिरलेला कांदाही निथळताना बाजूला काढा.

इथे थांबून एक चाचणी करा

या चार गोष्टी करूनही पाणी सुटतंय? मग आणखी मांस वाया घालवण्याआधी दोष ओलीत आहे की आचेत, हे वेगळं करा. मसाला न लावलेला एक काप घ्या, टिशूने दोन्ही बाजूंनी दाबून कोरडा करा, तापलेल्या पॅनमध्ये एकटाच ठेवा. अर्ध्या मिनिटात तपकिरी झाला तर तुमचा पॅन आणि शेगडी ठीक आहे, दोष मांसात किंवा मसाल्यात. पाचवी, सहावी आणि सातवी तपासणी करा. एकटा कोरडा कापही करडाच राहिला तर थेट आठवीकडे जा. ही चाचणी मला हालमोनींनी शिकवली, आणि तिने माझा जेवढा वेळ वाचवलाय तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

पाचवी : मांसाचा बर्फ कसा सोडवला?

गोठताना मांसातल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात, आणि बर्फ सुटला की ते पाणी बाहेर येतं. ते लालसर असतं म्हणून आपण रक्त समजतो. प्रत्यक्षात ते पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये घाईने सोडवलेलं मांस जास्त पाणी टाकतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर दिवसभर ठेवणं धोक्याचं, उन्हाळ्यात तर अजिबात नको.

सुटलं की काप टिशूवर पसरा, वरून दुसरा टिशू ठेवून दाबा. कोरियन घरांत ही पायरी कुणी चुकवत नाही, आणि आपण हमखास चुकवतो. मसाला लावण्याआधीच हे करायचं. ओल्या मांसावर मसाला टिकत नाही, पातळ होऊन तळाशी जातो. मग अळणी लागलं म्हणून आपण आणखी सोया सॉस ओततो आणि ओल अजून वाढवतो.

सहावी : मसाल्यात काय गेलं?

इथे सगळ्यात जास्त गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून जरा सविस्तर.

इथल्या घरांतलं सोपं प्रमाण असं : दर १०० ग्रॅम मांसाला १ मोठा चमचा सोया सॉस आणि अर्धा मोठा चमचा साखर. ६०० ग्रॅमला ६ चमचे सोया सॉस, ३ चमचे साखर, दीड-दोन चमचे ठेचलेला लसूण, पातीचा कांदा, मिरपूड, भाजलेले तीळ आणि शेवटी दीड-दोन चमचे भाजलेल्या तिळाचं तेल. नाशपाती किसून घालणार असाल तर साखर २ चमच्यांवर आणा. सोया सॉस "जिनगांजांग" लिहिलेला घ्या. "गुकगांजांग" हा सूपचा असतो, रंगाने फिका आणि चवीला जास्त खारट. बाटल्या सारख्याच दिसतात. त्याने याच प्रमाणात केलं तर खारट होतं, आणि खारटपणा मोडायला लोक पाणी घालतात. बिघाड तिथूनच सुरू होतो.

नाशपाती आणि कांद्याचं वाटण हा ओलीचा दुसरा मोठा झरा. कोरियन नाशपाती म्हणजे पाण्याचा गोळाच. तिचा कीस पिळून फक्त रस घ्या, ६०० ग्रॅमला ४ चमचे पुरे. चोथा मांसाला चिकटून राहिला तर तोच आधी करपतो, कारण फळातली साखर साध्या साखरेपेक्षा लवकर काळी पडते. बाहेर काळं, आत कच्चं अशी तक्रार असणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

आता पिठूळ मांसाबद्दल. नाशपाती मिळाली नाही की किवी किंवा अननस घाला असं कुणीतरी सांगतं. आपल्याकडे कबाबाला कच्ची पपई लावतात, तसंच हे. पपईत पपेन, अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन, आणि तिन्ही प्रथिनं तोडतात. नाशपातीचं काम यांच्यापुढे सौम्य. दोन मिलिमीटरच्या कापांना रात्रभर किवी लावून ठेवलंत तर सकाळी लगदा मिळेल, आणि मोडलेलं मांस पाणीही धरून ठेवत नाही. किवी घालायचीच तर ६०० ग्रॅमला एक चमचा, तीही भाजायच्या वीस-तीस मिनिटं आधी. डब्यातला अननस उष्णतेतून गेलेला असतो, त्यातलं ब्रोमेलेन निकामी झालेलं असतं; तो फक्त गोडवा देतो.

क्रमही पाळा. आधी साखर आणि नाशपातीचा रस, हलक्या हाताने चोळून दहा मिनिटं. मग सोया सॉस आणि लसूण. तेल सगळ्यात शेवटी. तेलाने काप आधीच माखले तर बाकीचं त्यावरून घसरतं. एवढ्या पातळ मांसाला फ्रीजमध्ये अर्धा ते दोन तास पुरे आहेत. मीठ आणि साखर दोन्ही मांसातून पाणी ओढतात, त्यामुळे रात्रभर ठेवलंत तर भाजण्याआधी निथळणं अगदी सक्तीचं.

सातवी : मांस कुठलं आणि कसं कापलेलं?

हे शेवटाकडे ठेवलं, कारण नवीन मांस घेणं महाग, आणि वरच्या गोष्टी न बघता महाग हानउ, म्हणजे देशी कोरियन गुरांचं मांस, घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. सगळ्यात वरच्या, १++ दर्जाचं मांसही ढीग करून टाकलं तर उकडतंच.

खाटकाच्या दुकानात "बुलगोगीयोंग", म्हणजे बुलगोगीसाठीचं, असं मागितलं की साधारण दोन मिलिमीटरचे काप मिळतात. देउंगशिम, म्हणजे पाठीचं मांस, त्यात चरबीच्या रेषा असतात म्हणून मऊ. मागच्या पायाचं उदुन स्वस्त, पण कोरडं. शाबूशाबूसाठीचे, म्हणजे उकळत्या रश्शात बुडवून खायचे, काप याहून पातळ असतात, पॅनमध्ये विरून जातात.

घरी कापणार असाल तर मांसाचा तुकडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाला की धारदार सुरीने कापा. धागे ज्या दिशेने जातात त्यांना आडवं कापायचं. धाग्यांच्या दिशेने कापलेला काप कितीही छान भाजला तरी चावत बसावं लागतं.

गावी जाऊन करणाऱ्यांसाठी : महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बाजारात मिळतं ते म्हशीचं. गोव्यात बीफ मिळतं. म्हशीच्या मांसाचे धागे भरड, चरबी कमी. काप शक्य तितके पातळ करा आणि तेल चमचाभर वाढवा. बीफ न खाणाऱ्या मैत्रिणींना मी डुकराच्या मांसाची द्वेजी-बुलगोगी सुचवते. इथे ती घरोघरी होते, बहुतेकदा गोचुजांग ही तिखट पेस्ट घालून. तिच्यात मधे गुलाबी भाग ठेवायचा नाही, पूर्ण शिजवायची.

आठवी : पॅन, कोळसा, शेगडी

पातळ ॲल्युमिनियमचा पॅन मांस पडताच थंड होतो. जाड तळाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो. आपला भाकरीचा जाड लोखंडी तवा यासाठी उत्तम, मी स्वतः तोच वापरते. इंडक्शनवर तळ सपाट हवा. फुगीर तळाचा पॅन तिथे नीट तापत नाही.

कोळशावर करत असाल तर निखाऱ्यांवर राखाडी राख दिसेपर्यंत थांबा. जाळी पाच मिनिटं तापवा, तेलाचा टिशू चिमट्यात धरून पुसा, मग काप ठेवा.

गॅसची ज्योत मंद वाटली तर हे बघा : शेगडीजवळच्या पाइपावरची झडप पूर्ण उघडी आहे का, बर्नरची टोपी जागेवर बसली आहे का, तिची भोकं सांडलेल्या साखरेने बुजली आहेत का. गार झालेली टोपी काढून ब्रशने घासा, पूर्ण कोरडी करून बसवा. इथल्या नव्या शेगड्यांत बर्नरच्या मधोमध सेन्सर असतो. भांड्याचा तळ फार तापला की तो ज्योत आपोआप कमी करतो. त्यामुळे "मधेच गॅस बारीक होतो" ही तक्रार बिघाडाची असेलच असं नाही. बऱ्याच शेगड्यांवर जास्त आचेसाठी वेगळं बटण असतं, ते शोधा.

गॅसच्या डबीवर चालणारी छोटी शेगडी हिवाळ्यात रुसते, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायलाच तयार नसतो. डबी आधीपासून घरात ठेवा. ती गरम पाण्यात किंवा दुसऱ्या शेगडीजवळ धरू नका.

इथे हात काढा

मांसाला आंबट वास येत असेल किंवा ते बुळबुळीत लागत असेल तर ते टाकून द्या. सोया सॉस आणि लसूण तो वास झाकतात, धोका झाकत नाहीत.

डबीच्या शेगडीवर डबीचा कप्पा झाकेल एवढा मोठा तवा ठेवू नका. खालची उष्णता डबीकडे वळते आणि डबी फुटते. कप्पा हाताला गरम लागला की लगेच बंद करा, त्या दिवशी पुन्हा पेटवू नका.

कोळसा घरात, काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा तंबूत कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुणाला डोकेदुखी, मळमळ, गुंगी वाटली तर सगळे मोकळ्या हवेत या आणि ११९ ला, म्हणजे इथल्या अग्निशमन-रुग्णवाहिकेच्या नंबरला, फोन करा. पॅनमधल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून झाकण ठेवा. विझलं नाही तर बाहेर पडा आणि तिथून तोच नंबर लावा.

गॅसचा वास आला तर झडप बंद करा, खिडक्या उघडा. एक्झॉस्ट फॅनचं किंवा दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका, बाहेर जाऊन गॅस कंपनीला फोन करा. भोकं साफ करूनही ज्योत पिवळी राहते, भांडी काळी पडतात, किंवा ज्योत पेटते आणि विझते, तेव्हाही गॅसवाल्यालाच बोलवा. सेन्सर काढून टाकायचे व्हिडिओ बघून कुणी तो उपटू नये. माझ्या एका ओळखीच्या घरी तो उपटलेला मी पाहिला, त्या रात्री मी बुलगोगी न करता आधी गॅस बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी कारागीर आला, अर्ध्या तासात नवा सेन्सर बसवून गेला, आणि संध्याकाळी त्याच शेगडीवर आम्ही १५०-१५० ग्रॅमचे चार घाणे काढले.